एअर फिल्टरला एरंडेल

मी गाडीच्या एअर फिल्टरला एरंडेल लावलं. चमचाभर नाही, चांगलं वाटीभर, बोटांनी चोळून चोळून, तान्ह्या बाळाच्या टाळूला लावावं तसं. तेव्हा मी पासष्ट वर्षांची होते. आता एकोणसत्तरची आहे, आणि त्या पासष्टच्या पोरीची आठवण झाली की तिला भिंतीशी उभं करून अंगठे धरायला लावावं असं वाटतं. त्या बाईनं पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. घर्षण, दाब, ज्वलनाला लागणारी हवा, सगळं फळ्यावर आकृत्या काढून. हवा आत जायच्या वाटेत चिकट तेल ओतलं तर काय होईल, असं तिनं आठवीतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारलं असतं, तर त्यानंसुद्धा बरोबर उत्तर दिलं असतं. स्वतःला विचारायचं तिला सुचलं नाही. तिला गाडी पळवायची होती.

गाडी माझ्या मुलाची. पहिल्या नोकरीत घेतलेली, लाल, बुटकी, त्या काळच्या पोरांच्या भाषेत स्पोर्टी. ती आमच्या अंबरपेठच्या गल्लीतून गेली की इस्त्रीवाला हातातली इस्त्री उचलून बघत राहायचा. मग मुलाचं लग्न झालं, मुलगी झाली, पोट सुटलं, आणि त्यानं एक पांढरी, उंच, आपले आपणच गिअर बदलणारी गाडी आणली. मी तिला फ्रीज म्हणते. आत थंड असतं, दार लावलं की दिवा विझतो, आणि चालवणाऱ्याला काही काम नसतं. लाल गाडी आवारात मागे सरकली. तिच्या टपावर माझ्या कुरडया वाळायच्या.

तिला पुन्हा बाहेर काढलं माझ्या नातीनं. अठराची झाल्यावर ती याच गाडीवर शिकली, आणि एकोणिसाव्या वर्षी तिला दुसरं काही सुचेना. कॉलेजमधून आली की पुस्तक जिन्यात आणि पोरगी गाडीखाली. मराठी ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते, पण इंजिनाचा आवाज मात्र घडाघडा वाचायची.

अशात गाडीच्या कागदांची मुदत संपत आली. वीस वर्षांची गाडी पुन्हा रस्त्यावर ठेवायची तर तपासणी आली, खेटे आले. मुलगा जेवताना म्हणाला, "कशाला पाहिजे ती अडगळ? पुढच्या महिन्यात भंगारात देऊन टाकू."

नातीनं हातातला घास खाली ठेवला. "पप्पा, ती गाडी तुमच्या फ्रीजपेक्षा फास्ट हाय."

"वीस वर्षांची म्हातारी?"

"म्हातारी असली म्हणून काय झालं?" हे मी म्हणाले. मध्ये बोलायची मला खोडच आहे.

गावाबाहेर एका मोकळ्या डांबरी मैदानावर गाडीवेड्यांचा एक गट महिन्यातून एकदा रविवारी जमतो. प्लॅस्टिकचे शंकू मांडून वाट आखतात, एकेक गाडी त्यातून सोडतात, आणि घड्याळ लावतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली ती धरायची. मुलानं पैज लावली. त्यानं फ्रीज चालवायचा, पोरीनं लाल गाडी. ती पुढं आली तर तो स्वतः रांगेत उभा राहून कागद करून आणेल. मागं राहिली तर सोमवारी भंगारवाला. पोरीनं हात पुढं केला, त्यानं टाळी दिली. ती ताटावरून उठली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. दीड महिना हातात होता आणि पैसे म्हणाल तर तिचा खाऊ आणि माझं पेन्शन.

इथवर सगळं ठीक होतं. इथून पुढं मी अक्कल पाजळायला घेतली.

पोरीनं एक उस्ताद शोधून काढले होते. नामपल्लीला स्टेशनच्या मागच्या बोळात पत्र्याची शेड, पांढरी दाढी, आणि बोलणं मोजकं. चालू इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. माझ्याहून मोठेच असतील, पण मला अम्मा म्हणायचे. मी विचारलं, "उस्ताद, हिची ताकद वाढवायला काय काय बसवायचं?"

त्यांनी डोळे उघडले. "अम्मा, इसकू ताक़त नक्को. सेहत होना."

म्हणजे ताकद नको, तब्येत हवी. त्यांची यादी ऐकून माझा हिरमोड झाला. नवे प्लग. ब्रेकचं तेल बदलायचं. चाकांमागची झिजलेली रबरं बदलायची. टायर चांगले, चारही एकसारखे. नवा कागदाचा एअर फिल्टर, कंपनीचा असतो तसाच. आणि गाडीतलं नको ते वजन काढून टाकायचं. बस. ही काय गाडी पळवायची तयारी झाली? ही तर माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी झाली: मीठ कमी, चालणं जास्त.

मला घोडे हवे होते, अश्वशक्ती. कारण मी दुपारभर मोबाइलवर व्हिडिओ बघत होते. टोपी उलटी घातलेली पोरं गाडीपुढं उभी राहून, हात हवेत उडवत सांगत होती की हा पाइप बसवा, हा फिल्टर टाका, मग बघा कशी उडते. त्यांतल्या एकाच्याही नखांत काळं नव्हतं. उस्तादांच्या नखांत चाळीस वर्षांचं काळं होतं. मी विश्वास कोणावर ठेवला असेल? वर मी त्यांचे सल्ले उतरवायला वहीही घातली होती. वहीवर कव्हर, कव्हरावर लेबल. शिक्षिका ना! मूर्खपणासुद्धा समास सोडून लिहिणार.

पहिल्यांदा मी एक जाड सायलेन्सर बसवून घेतला, उस्तादांकडे नाही, दुसऱ्याच एका ठिकाणी. त्यानं वेग किती वाढला ते देव जाणे, आवाज मात्र असा निघाला की समोरच्या घरातल्या मावशींनी कुकर बंद केला. मी खूश. आवाज म्हणजेच वेग, असं मला वाटायचं. पस्तीस वर्षं ज्या वर्गांना मी गप्प बसवलं ते सगळे माझ्यावर हसत असतील.

दुसऱ्याच दिवशी आबिड्सच्या चौकात हवालदारानं अडवलं. काच खाली करायला लावली, आत वाकून पाहिलं, मागं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं.

"लडका कहाँ है?"

"कुठला लडका?"

"जो चलारा था, अम्मा. आवाज तो उधर नुमाइश के मैदान तक जारा."

"मीच लडका," मी म्हणाले.

त्यानं दंड केला आणि शिवाय हात जोडले. म्हणाला, "घर में बड़ा कोई नहीं क्या अम्मा, समझाने वाला?" मी मान वर करून निघाले. पुढच्या सिग्नलला गाडी बंद पडली ते मी पोरीला सांगितलं नाही.

उस्तादांनी तो सायलेन्सर काढून जुना बसवला.  काढलेला पाइप माझ्या हातात दिला, जड होता, आणि म्हणाले, "ये घर ले जाओ अम्मा, तुलसी लगाओ उसमें." मला ते चक्क कौतुक वाटलं होतं. खरोखर. मी घरी येऊन त्यात माती भरून पाहिली.

वजन काढायचं काम मात्र मी आणि पोरीनं मिळून केलं आणि तेवढंच काय ते मला साधलं. मागची सीट काढली. गालिचा, त्याखालचा जाड काळा कापूस, जॅक, जादा चाक, डिकीतल्या माझ्या दोन छत्र्या आणि एक हरवलेली परात, सगळं आवारात मांडलं तर घर बदलतोय असं वाटायला लागलं. पोरगी यादी करत होती. शेवटी पेन माझ्याकडं रोखून म्हणाली, "आजी, सगळ्यात जड आयटम राहिला. बासष्ट किलो."

"मी शेजारी बसणार आहे."

"नक्को. तू कडेला बसून टाळ्या वाजवणार."

मनावर घेऊ नका याला इथली पोरं 'लाइट लो' म्हणतात, पण मी ते लाइट घेतलं नाही. मनाला लागलं. गाडीत बसायला नाही मिळणार तर निदान गाडीत माझं काहीतरी असायला हवं, असलं काहीतरी डोक्यात शिरलं. ज्याचं नाव उस्तादांच्या यादीत नाही, पोरीच्या यादीत नाही, आणि ज्याच्यामुळं ती जिंकेल. जिंकल्यावर मी हळूच सांगेन. तेव्हा सगळे माझ्याकडं वळून बघतील. पासष्ट वर्षांच्या बाईच्या डोक्यात हे चाललेलं होतं, मी खोटं सांगत नाही.

मग मी जुन्या बाजारातून एक सुती फिल्टर आणला. त्या उलट्या टोपीवाल्यांचा लाडका. कागदाच्या फिल्टरपेक्षा त्यातून हवा जास्त येते म्हणे. धुऊन पुन्हा वापरता येतो, हे ऐकल्यावर तर मी विरघळलेच. धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूपुढं आमच्या घराण्याचं काही चालत नाही. मी तो साबणानं धुतला, उन्हात वाळवला. धुतल्यावर त्याला तेल लावायचं असतं हेही मी वाचलं होतं. त्याचं ते खास पातळ लाल तेल, तेही थेंबभर. ते तेल मागवायचं तर चार दिवस. रविवार दोन दिवसांवर.

आणि मला माझे वडील आठवले. आमची शेती मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात होती तेव्हापासूनची. बाजाराला निघायच्या आधी वडील गाडीच्या आखाला एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या लावायचे. चाक कुरकुरायचं बंद व्हायचं, आणि मग बैलांना गाडी हलकी जायची. चिंधी पण सुती, फिल्टर पण सुती. गाडी ती पण गाडी, ही पण गाडी. विज्ञानाच्या बाईंनी एवढ्यावर निष्कर्ष काढला. घरात एरंडेल होतंच. नातीच्या केसांसाठी वर्षानुवर्षं आणलेलं, डबाभर. शुक्रवारी दुपारी ती कॉलेजला होती, मुलगा कचेरीत. मी बॉनेट उघडलं, उस्तादांनी बसवलेला कोरा कागदी फिल्टर काढला, आणि त्या जागी माझा तेल पिऊन तट्ट झालेला फिल्टर बसवला. हात पुसले. देवासमोर जाऊन नमस्कार केला. असला उद्धटपणा देवानं खपवून कसा घेतला, त्याचं त्याला माहीत.

रविवारी सकाळी मैदानावर पोचलो. पोरीनं उस्तादांना मुद्दाम बोलावलं होतं. ते हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. माझ्या मांडीवर भाकरी आणि चटणीचा डबा. आजूबाजूला सगळी वीस-बावीसची पोरं, एकेकाच्या गाडीवर विमानासारखे पंख. एकानं विचारलं, "आंटी, आप किसके साथ?" मी लाल गाडीकडं बोट केलं. तो हसला. मीही हसले. मला माहीत होतं ना माझं गुपित.

मुलगा आधी गेला. फ्रीज शंकूंमधून डोलत डोलत गेला, एकही शंकू पडला नाही, आणि वेळ खरं तर बरी आली. पट्टीचा चालवणारा आहे तो, तरुणपणी या लाल गाडीवरच शिकलेला. मग पोरगी. हेल्मेटमध्ये तिचं तोंड दिसेना, फक्त अंगठा दिसला. झेंडा पडला, गाडी सुटली, पहिलं वळण असं घेतलं की शेजारचा पोरगा म्हणाला, "अरे बाप रे."

तिसऱ्या वळणाला गाडीला उचकी लागली.

एकदा. मग लागोपाठ. पुढं झेपावायची आणि मागं ओढल्यासारखी थबकायची. शेवटच्या सरळ वाटेवर तर ती अक्षरशः खोकत खोकत आली. फ्रीजच्या पाच सेकंद मागं. पोरीनं हेल्मेट काढलं. रडली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच समोर बघत बसली, जणू गाडी अजून चालूच आहे.

मुलगा आला. रागावला नव्हता, पोरीसाठी वाईट वाटलं होतं त्याला, आणि वाईट वाटलं की तो कोणावर तरी चिडतो. "मी म्हणलो होतो का नव्हतो? त्या म्हाताऱ्याला आता धड दिसत पण नसंल. काय जोडलं, काय सोडलं. पोरीचे पैसे खाल्ले, वर दीड महिना पाण्यात."

उस्ताद चार हातांवर बसले होते. त्यांनी ऐकलं.

माझ्या तोंडात घास होता. बोलायचं नाही त्याला हे एक कारण झालं. मग घास गिळून झाला. मी दुसरा घास घेतला. भूक नव्हती. मी चटणीच्या ठसक्यानं खोकल्यासारखं केलं, पाणी प्यायले, डब्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून ते बघत बसले. मध्ये बोलायची खोड असलेली मी. आयुष्यात एकदा मध्ये बोलायची खरी गरज होती, तर मी झाकण बसवत होते.

उस्ताद उठले. बॉनेट वर केलं. पोरगीही गाडीतून उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिली. त्यांनी फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं आणि थांबले. बोट फिरवलं. दोन बोटं एकमेकांवर घासली. नाकाशी नेली. मग सावकाश माझ्याकडं बघितलं, फक्त माझ्याकडं, आणि मुलाकडं वळले.

"साब, मेरीच ग़लती. फिल्टर ग़लत डाल दिया मैं. दस मिनट देव, ठीक कर देतुं."

मुलगा काही पुटपुटत पाणी प्यायला गेला. उस्तादांनी पिशवीतून गाडीचा जुना कागदी फिल्टर काढला, नवा बसवताना झटकून ठेवलेला. हवा आत जाते त्या नळीत एक केसासारखी बारीक तार असते. किती हवा येते ते ती मोजते आणि त्यावरून इंजिनाला पेट्रोल मिळतं. माझं तेल ओढलं जाऊन त्या तारेवर बसलं होतं. मोजमाप चुकलं, पेट्रोल चुकलं. त्यांनी ती तार फवारा मारून साफ केली, सुकू दिली, सगळं पुन्हा जोडलं. मी जवळ जाऊन उभी राहिले. काहीतरी म्हणायचं होतं. पोरगी तेवढ्यात हेल्मेट आणायला गेली होती. उस्ताद नळी आवळत, वर न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, "अम्मा, इसकू जुलाब दिए क्या?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

दुसरी फेरी. तिनं कशी चालवली ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. आवाज ऐकला फक्त. एकदाही उचकी नाही. टायर दोनदा कुरकुरले, मग शेवटचा लांब, स्वच्छ ताण. भोंग्यावर वेळ सांगितली तेव्हा पोरं ओरडली. फ्रीजपेक्षा एका टाळीएवढी कमी. मुलाची दुसरी फेरी पहिलीपेक्षाही सावकाश गेली. मला वाटतं त्यानं मुद्दाम सोडून दिली, पण तो कबूल करणार नाही.

ती जिंकली ते प्लग, ब्रेक, रबरं, टायर आणि रिकाम्या डिकीमुळं. तब्येतीमुळं. माझ्या वहीतली एकही ओळ त्यात नव्हती. उलट्या टोपीवाल्यांचा एकही घोडा नव्हता.

निघताना मुलानं उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. माझा मुलगा चांगला आहे, मन मोठं करून म्हणाला, "चुका सगळ्यांकडनं होतात. पुढच्या वेळी बघून बसवा, उस्ताद." उस्तादांनी मान डोलावली, "हौ साब." आणि मी, तिथं, दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाले, "जाऊ दे रे, वय झालं त्यांचं."

हे मी म्हणाले होते. शब्दशः. चार वर्षं झाली, एरंडेलाचं मी चारचौघांत हसत हसत सांगते, हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितेय. मुलगा मराठी वाचतो. वाचून त्यानं नामपल्लीला जावं आणि काय ते बोलावं. मी त्याच्या मागं बसेन, फ्रीजमध्ये.

लाल गाडीला मागं सीट नव्हती, म्हणून उस्ताद मुलाबरोबर गेले आणि मी पोरीच्या शेजारी बसले. कागद होणार होते, गाडी राहणार होती, ऊन कोवळं होतं, आणि मला बोलल्याशिवाय राहवेना. तिच्या चालवण्याचं कौतुक केलं, मग आपल्या दोघींच्या मेहनतीचं, मग जुन्या बायका काही कमी नसतात याचं. ती नुसती गिअर बदलत होती. मला वाटलं दमली असेल. अंबरपेठच्या सिग्नलला लाल दिवा लागला. तिनं गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, आणि समोरच्या दिव्याकडं बघत म्हणाली:

"आजी, बॉनेट उघडलं तेव्हाच मला वास आला. दहावीपर्यंत माझ्या केसांना तूच लावायचीस ना ते. उस्ताद खोटं बोलायलेत हे मला कळलं, तरी मी गप उभी राहिले, म्हटलं आता तू बोलशील, मग बोलशील. तू झाकण लावत बसलीस. गाडी आता माझी हाय. बस पायजे तेवढं हिच्यात, पण बॉनेटला हात लावायचा नाही."